बुडालेले किलोमीटर वसूल करायचे नसतात : रावेरच्या एका केळी उत्पादकाची कॉम्रेड्सची तयारी

रावेर तालुक्यातले एक केळी उत्पादक. वय चव्वेचाळीस, नऊ एकर बाग, घरात आई, बायको आणि दोन शाळकरी पोरं. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, इथंही तेच म्हणू. सहा-सात वर्षांपासून धावतात. ८ जून २०२५ ला दक्षिण आफ्रिकेत झालेल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनसाठी त्यांनी केलेल्या तयारीचं हे प्रकरण आहे. जळगावात आम्ही काही जण लांब पल्ल्याच्या धावणाऱ्यांना तयारीत मदत करतो. आप्पांचं वेळापत्रक माझ्याकडे होतं. कागदावर ते फार सुंदर दिसत होतं.

कॉम्रेड्स जगातल्या सगळ्यात जुन्या अल्ट्रामॅरेथॉनपैकी, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यतींपैकी एक. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून व्हिक क्लॅफम या माजी सैनिकाने ती १९२१ साली सुरू केली. पीटरमॅरिट्झबर्ग आणि डर्बन या दोन शहरांमधला हा रस्ता. साधारण एक वर्ष समुद्राकडून वर, पुढच्या वर्षी वरून खाली. २०२५ ची डाऊन रन होती, ८९.९८ किलोमीटर. वेळ १२ तास. बारा तास भरले की एक अधिकारी धावणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक उडवतो. त्या क्षणी तुमचं पाऊल रेषेच्या अलीकडे असेल तर पदक नाही आणि शर्यत पूर्ण केल्याची नोंदही नाही. पात्र ठरायला पूर्ण मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत लागते. आप्पांनी १९ जानेवारीला मुंबईत ती ४ तास ३१ मिनिटांत केली होती. मॅरेथॉनच्या वेळेची अडीच पट किंवा थोडी जास्त, असा कॉम्रेड्सचा ढोबळ अंदाज धरतात. त्या हिशेबाने आप्पा साडेअकरा तासांच्या आसपास येणार होते. म्हणजे हातात अर्धा तास. तयारीत फार काही सांडायला जागा नव्हती.

आणि सांडणार हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तिकडे जून म्हणजे हिवाळा, पण तयारीचे महिने फेब्रुवारी ते मे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. पुण्या-नाशिककडच्या धावणाऱ्याला निदान पहाट तरी गार मिळते. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे तीन वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते.

पण उन्हाच्या आधी लाईट.

शेतीला थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. केळीला ठिबक आहे, मोटार ऑटोवर सुरू होते, तरी रात्री माणूस उठावाच लागतो. व्हॉल्व्ह फिरवायचे असतात, फ्यूज उडतो, आणि एखाद्या वेळी डीपीच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच जळतो. मग तीन-चार दिवस कोणाची झोप कोणाच्या हातात राहत नाही. असा माणूस ‘मंगळवारी टेम्पो (सलग जोराची धाव), गुरुवारी चढ, रविवारी लाँग रन (लांब पल्ल्याची सावकाश धाव)’ असलं सोळा आठवड्यांचं छापील वेळापत्रक घेऊन बसला, तर तिसऱ्या आठवड्यात त्याला आपण नालायक आहोत असं वाटायला लागतं. वेळापत्रक दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्यासाठी लिहिलेलं आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही.

आम्ही वार काढून टाकले. आठवडे दोनच प्रकारचे ठेवले. दिवसाच्या लाईटीचा आठवडा म्हणजे जोराचा : एक लाँग रन, एक चढाचा दिवस, मध्ये दोन सावकाश. रात्रीच्या लाईटीचा आठवडा म्हणजे हलका : पाच-आठ किलोमीटरच्या तीन सावकाश फेऱ्या, थोडा व्यायाम, दुपारी झोप. वेळापत्रक अचानक बदललं की आठवडाही बदलायचा. क्रमही ठरवला. पहिली झोप, मग लाँग रन, मग बाकी सगळं. रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर लाँग रन पुढे ढकलायचा, ढकलता येत नसेल तर निम्मा करायचा. चाळिशी ओलांडलेल्या शरीराला जोराच्या आठवड्यानंतर हलका आठवडा तसाही मानवतो. त्यामुळे लाईटीने जे लादलं, त्यातलं बरंचसं मी आपणहूनच दिलं असतं.

मार्चमध्ये पोटरी गेली, आणि तीही धावताना नाही. खांद्यावर पीव्हीसीचा पाईप घेऊन आप्पांनी चारी ओलांडली, पलीकडे पाय टेकला आणि मागून कोणीतरी दगड मारावा तशी कळ आली. आप्पांनी खरंच मागे वळून पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. जळगावच्या फिजिओथेरपिस्टने तपासून पोटरीतला आतला, सोलियस नावाचा स्नायू ओढला गेल्याचं सांगितलं. हा स्नायू चाळिशीनंतरच्या धावणाऱ्यांना फार छळतो. गुडघा वाकवून टाच उचलली की दुखतो, आणि दोन दिवसांत बरा झाल्याचं सोंग घेतो.

परत धावायला कधी लागायचं, हे तारखेवर ठेवलं नाही. अटी ठेवल्या. अर्धा तास झपाझप चालून काही दुखायला नको. एका पायावर उभं राहून पंचवीस वेळा टाच उचलता आली पाहिजे, आधी गुडघा सरळ ठेवून, मग वाकवून. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला कुरबूर नको. हे जमेपर्यंत सायकल आणि चालणं. त्यानंतर एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं. मग दोन-तीन, मग तीन-दोन. सगळं मिळून तीन आठवडे गेले.

या काळात आप्पांनी मला एक कागद पाठवला. केळीच्या हिशेबाच्या वहीचं पान, त्यावर नीट रेघा मारून एप्रिलचे रकाने. बुडालेले सगळे किलोमीटर त्यांनी चार आठवड्यांत वाटून टाकले होते. हिशेब पैशाला पै जुळत होता. मला या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची वस्तू कोणती वाटते विचाराल तर तो कागद. पोटरी नाही आणि ऊनही नाही.

कारण साधं आहे. विश्रांतीनंतर दम लवकर परत येतो. हृदय आणि फुप्फुसं दोन आठवड्यांत ‘चला’ म्हणायला लागतात. स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे आणि खुद्द हाडं मात्र फार सावकाश तयार होतात. त्यांना ताकद यायला आठवडे नव्हे, महिने लागतात. म्हणून माणसाला आपण फिट झालो असं वाटतं तेव्हाच तो मोडतो. मी आप्पांना फोनवर एवढंच विचारलं, “आप्पा, पाण्याची एक पाळी चुकली तर तुम्ही काय करता?” ते म्हणाले, “पुढची पाळी वेळेवर देतो. दुप्पट सोडलं तर मुळ्या सडतील ना सर.” मग थोडं थांबून म्हणाले, “बरं, कळलं. फाडतो तो कागद.”

त्या दिवशी नियम ठरला. बुडालं ते बुडालं. पुढचा आठवडा असा आखायचा जणू मागचा होताच तेवढा. लाँग रन मागच्या वेळी प्रत्यक्षात झालेल्या अंतरावरून पुढे न्यायचा, कागदावर झाला असता त्या अंतरावरून नाही. मूळ आराखड्यात ६० किलोमीटरचा एक लाँग रन होता, तो काढला. एप्रिलच्या शेवटी ५० वर थांबलो. काही जाणत्यांनी मला वेड्यात काढलं. नव्वदच्या शर्यतीला पन्नास म्हणजे काय! पण घाईने भरून काढलेल्या तयारीच्या मोडक्या पायापेक्षा कमी तयारीचा धड पाय बरा, या मतावर मी आजही आहे.

उन्हाचं काम मात्र जोमात चाललं. आप्पा पहाटे तीनला बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावर निघायचे. डोक्याला दिवा, अंगात चमकणारं जाकीट, समोरून येणारी वाहनं दिसतील अशी उजवी बाजू. त्या वेळी रस्त्यावर केळीचे ट्रक असतात आणि बऱ्याच चालकांना आप्पा ओळखतात. “कुठी चालले भो?” असं कोणीतरी खिडकीतून ओरडायचं. उत्तर द्यायला दम शिल्लक असेल तर वेग बरोबर, एवढंच मोजमाप त्यांनी ठेवलं. घड्याळातला पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, या दिवसांत खोटं बोलतो. त्याच श्रमात किलोमीटरमागे चाळीस-पन्नास सेकंद सहज जास्त लागतात आणि ते बघून माणूस खचतो. दहा ते चौदा दिवस सलग गरमीत धावलं की शरीर सरावतं : रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातलं मीठ कमी होतं. हा फायदा गार हवेतही थोडाफार सोबत येतो.

घाम किती जातो, हे घड तोलायच्या काट्यावर मोजलं. धावण्याआधी वजन, तासाभराने अंग पुसून पुन्हा वजन. सव्वा किलो घट आणि मध्ये प्यायलेलं अर्धा लिटर पाणी, म्हणजे तासाला पावणेदोन लिटर घाम. आकडा पाहून आप्पा म्हणाले, तेवढं सगळं पीत राहावं लागेल. तिथं थांबवावं लागलं. दक्षिण आफ्रिकेचे डॉ. टिम नोक्स यांनी १९८५ साली लांब शर्यतींमध्ये गरजेपेक्षा जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम धोक्याच्या खाली गेलेल्या खेळाडूंची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतले काही कॉम्रेड्सचेच. तहानेप्रमाणे प्यायचं, शर्यतीच्या शेवटी वजन थोडं घटलेलंच असलं पाहिजे, वाढलेलं कधीच नको. आणि दुखतं म्हणून वाटेत वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडाला महागात पडतात.

खाण्याचं लवकर जमलं. केळी तर घरचीच. उकडलेला बटाटा आणि मीठ कॉम्रेड्सच्या वाटेवरच्या खाण्यापिण्याच्या टेबलांवरही मिळतो, म्हणून लाँग रनला तोच. लाँग रनच्या आदल्या रात्री कळण्याची भाकरी आणि शेवभाजीची तर्री बंद, ही अट आप्पांना पोटरीपेक्षा जास्त लागली. तिकडे पाणी प्लास्टिकच्या पाऊचमध्ये देतात. परदेशी धावणाऱ्यांना ते दाताने फाडायला शिकावं लागतं. आमच्या माणसाला त्याचा सराव लग्नाच्या पंगतींपासून आहे.

डाऊन रन म्हटल्यावर लोक खूश होतात. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो आणि त्याचे तंतू फाटतात. साठ किलोमीटरनंतर पाय जातात ते बहुधा यामुळे. यावर उपाय उतारच. पालच्या घाटात आप्पा चढ चालत जायचे आणि उतार धावत यायचे. पहिल्या वेळी चार दिवस मांड्यांना हात लावू देत नव्हते. दोन आठवड्यांनी तोच घाट, तेवढंच अंतर, आणि दुखणं दीड दिवसात सरलं. स्नायू एकदा असा मार खातो की पुढचे काही आठवडे त्याची राखण राहते. एकदा तोरणमाळलाही गेलो. हजार मीटरहून उंच पठारावरून खाली येताना उतार संपता संपत नाही. तिथं आप्पांना पहिल्यांदा डाऊन रन म्हणजे काय ते समजलं. वर पोचल्यावर ते जेवढं बोलत होते, खाली आल्यावर तेवढेच गप्प होते.

मनाच्या तयारीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथं सगळ्यात जास्त भोंगळपणा चालतो. ‘हार मानू नका’, ‘शरीर थकतं, मन थकत नाही’ वगैरे. मन थकतंच. सत्तराव्या किलोमीटरला ते आधी थकतं. त्या वेळी नवा विचार करायची ताकद उरत नाही, म्हणून निर्णय घरी बसून, पोट भरलेलं असताना घ्यायचे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘असं झालं तर असं करीन’ या पद्धतीच्या आखणीवर बरंच संशोधन केलं आहे. नुसत्या इच्छेपेक्षा प्रसंगाला बांधलेला निर्णय जास्त टिकतो. आप्पांच्या वहीत मागच्या बाजूला घडांचे भाव आणि पुढच्या बाजूला अशा ओळी होत्या :

पहिल्या दहा किलोमीटरमध्ये लोक पुढं गेले तर जाऊ द्यायचे.
उलटी झाली तर दहा मिनिटं चालायचं, घोट घोट पाणी, मग बटाटा.
पोटरी धरली तर एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल. मार्चमध्ये जमलं होतं.
‘कशाला आलो’ असं वाटलं तर पुढच्या टेबलापर्यंत काहीच ठरवायचं नाही. टेबलावर खाऊन मग ठरवायचं.

शेवटची ओळ वहिनींनी, आप्पांच्या बायकोने, सुचवली होती. उपाशी असताना आप्पा कोणताच निर्णय धड घेत नाहीत, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव.

मेच्या मध्यावर संध्याकाळी वारं सुटलं. खानदेशात मे-जूनचं हे वादळ नवं नाही. पण कापणीला आलेली मृगबाग (आदल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) घडांच्या ओझ्याने आधीच वाकलेली असते. पाऊण तासात निम्मी बाग आडवी झाली. विम्यासाठी ७२ तासांत कळवायचं, पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायकांना गाठायचं, पडलेले घड मिळेल त्या भावाला व्यापाऱ्याच्या गळ्यात घालायचे, मजूर शोधायचे. तिसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला. “सर, मी येत नाही. बाग आडवी पडली आणि हा पळायला चालला, असं म्हणतील लोकं.”

मी त्यांना समजावलं नाही. अशा वेळी ‘नाही आप्पा, जायचंच’ म्हणणारा मार्गदर्शक मला बेजबाबदार वाटतो. प्रश्न दोन आहेत असं सांगितलं. शरीर जाण्यासारखं आहे का, हा माझा. घर सोडता येतं का, हा तुमचा आणि वहिनींचा. माझ्या प्रश्नाचं उत्तर तयार होतं : काम झालेलं आहे, आठ-दहा दिवस न धावल्याने काही बिघडत नाही, शर्यतीआधी तसंही कमी करायचंच असतं. घाटातला शेवटचा उतार आम्ही रद्द केला. दुसऱ्या प्रश्नासाठी २५ मे ही तारीख ठरवली. तोवर त्यावर बोलायचं नाही. धावायचं ते एक दिवसाआड, अर्धा तास, तेही झोप लागावी एवढ्यासाठी. रात्रभर बागेची चिंता करणारं शरीर लाँग रन केल्याइतकंच दमतं, हे लक्षात ठेवून बाकी सगळं कमी केलं.

वहिनींनी यादी केली. कोणत्या कागदावर आप्पांची सही लागते, कोणत्या कामाला ते स्वतः लागतात, कोणतं काम भाऊ किंवा साडू करू शकतो. सह्या आणि पंचनामा २३ तारखेपर्यंत उरकले. खोडं तोडून बाहेर काढायला मजूर मिळाले. २५ ला वहिनीच आप्पांना म्हणाल्या, “तुम्ही इथं राहून ती झाडं उभी राहणार आहेत का? पैसे तर भरलेच आहेत.” आप्पांच्या आई मात्र शेवटपर्यंत नाराज होत्या आणि त्यांची नाराजी कोणी काढायचा प्रयत्नही केला नाही. घरातल्या प्रत्येकाने टाळ्या वाजवल्याच पाहिजेत असं थोडंच आहे.

शर्यतीचा तपशील थोडक्यात. सुरुवातीला गारठा होता. जानेवारीत रात्री बागेत व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला तो नवा नव्हता. इंचांगाचा चढ आप्पा पूर्ण चालले, ड्रमंडला अर्धं अंतर झालं तेव्हा वेळेत होते. फील्ड्स हिलच्या तीन किलोमीटरच्या उतारावर मांड्या पेटल्या, पण गेल्या नाहीत. पुढे पाइनटाऊनमध्ये ‘कशाला आलो’ आलंच. पडलेली बागही त्याच वेळी डोळ्यांसमोर आली. वहीतल्या ओळीप्रमाणे पुढच्या टेबलापर्यंत काही ठरवलं नाही, दोन बटाटे खाल्ले आणि मग ठरवायचं राहूनच गेलं. डर्बनला ११ तास ३६ मिनिटं. अकरा ते बारा तासांत येणाऱ्यांना व्हिक क्लॅफमच्या नावाचं पदक मिळतं, ते मिळालं. पुढचे चार दिवस जिने उलटे उतरावे लागले आणि नंतर तीन आठवडे धावणं बंद.

हे प्रकरण वाचून कोणी पन्नासच्या लाँग रनवर नव्वदला जाऊ नये. आप्पांच्या पायांत कित्येक वर्षांचं धावणं आणि त्याहून जास्त वर्षांचं शेतातलं उभं काम होतं. दोन वर्षांपूर्वी धावायला लागलेल्याला तीन आठवड्यांचा खाडा इतका स्वस्त पडणार नाही. त्याने ते वर्ष सोडावं. पाळीची नोकरी करणाऱ्यांना, मग ती भुसावळच्या रेल्वेतली असो की दवाखान्यातली, दोन प्रकारच्या आठवड्यांची पद्धत सहज बसते. ज्यांची अडचण वेळेची नाही, घरच्या आजारपणाची आहे, त्यांना ती बसेलच असं नाही.

पहिल्यांदा कॉम्रेड्स पूर्ण करणाऱ्याने लगेच पुढच्या वर्षीही ती पूर्ण केली तर एक जास्तीचं पदक देतात. आप्पांना ते हवंय. प्रवेशाचे अर्ज साधारण ऑक्टोबरात निघतात, आणि तेव्हाच कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची लागवड असते. विम्याचे पैसे आले आणि रोपं वेळेवर मिळाली तर अर्ज भरायचा, नाहीतर त्या वर्षी फक्त मुंबई, असं वहीत लिहून झालं आहे. खाली वहिनींची सही आहे.